दुसऱ्या देशाचं फर्मवेअर टाकलं आणि नेटवर्क उडालं? पुढचं बटण दाबण्याआधी हे बघा

"मामा, मी काहीच केलं नाही, नुसता अपडेट टाकला."

भाच्यानं फोन हातात दिला तेव्हा वरवर सगळं झकास होतं. नवे आयकॉन, नवं सेटिंग, कॅमेरा चालू, वाय-फाय चालू. फक्त वरच्या कोपऱ्यात नेटवर्कच्या दांड्यांच्या जागी रिकामा त्रिकोण आणि त्यावर फुली. सिम काढून पुसून घातलं, मग दुसरं घातलं, फुली जागची हलेना. *#०६# दाबलं तर आयएमईआयसमोर, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकासमोर, काहीच नाही. 'फोनबद्दल' उघडलं तर बेसबँड (नेटवर्कशी बोलणाऱ्या मोडेमचं सॉफ्टवेअर) आवृत्तीसमोर 'अज्ञात'.

खोदून विचारल्यावर कळलं की त्याचा अपडेट म्हणजे दुसऱ्या देशासाठी निघालेलं फर्मवेअर, म्हणजे फोन चालवणारं कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर, होतं. तिकडे नवं अँड्रॉइड आधी आलं, आपल्याकडे यायचं नाव नाही, म्हणून स्वारीनं फाइल उतरवली आणि फ्लॅश मारली, म्हणजे संगणकाला केबलनं जोडून फोनमध्ये चढवली. ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आली आहे की आता प्रत्येकाला तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

सगळ्यात आधी हातातली केबल बाजूला ठेवा. माझ्यापुढे आलेले बहुतेक फोन पहिल्या फ्लॅशनं मेलेले नव्हते. ते मेले नंतरच्या घाईत: कुणी 'परत जुनं टाकू' म्हणून जुनी आवृत्ती ढकलली, कुणी 'आता बूटलोडर लॉक करून टाकू' म्हणाला (बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना आधी चालणारा प्रोग्राम; तो लॉक असला की कंपनीची सही असलेलंच चालू देतो), कुणी 'सगळं फॉरमॅट केलं की ठीक होईल' या भरवशावर फॉरमॅट मारलं. भाच्याचा फोन वाचला तो एवढ्याचसाठी, की घाबरून त्यानं पुढे काही केलंच नाही.

देश बदलला की नेमकं काय बदलतं

अनेकांची समजूत अशी, की दोन देशांच्या फर्मवेअरमध्ये भाषा आणि आधीच भरलेली ॲप एवढाच फरक. तसं असतं तर हा लेख लागलाच नसता. त्या एका गठ्ठ्यात मोडेमचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं, कोणत्या देशात कोणते बँड (रेडिओ लहरींचे पट्टे) आणि किती ताकदीनं वापरायचे याचे तक्ते असतात, मोबाइल कंपन्यांसाठीची कॉलिंगची प्रोफाइल असतात, वाय-फायचा देश-कोड असतो, आणि बूटलोडर ज्यावरून फाइल खरी की खोटी ते ठरवतो त्या सह्या असतात. यातलं पडद्यावर काहीच दिसत नाही.

शिवाय एकाच नावाचा फोन आतून एकच असेल असं नाही. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२१ घ्या. एसएम-जी९९१बी या मॉडेलमध्ये एक्सिनॉस २१०० चिप आहे, अमेरिकेतल्या एसएम-जी९९१यूमध्ये स्नॅपड्रॅगन ८८८. खोक्यावर नाव तेच, आत प्रोसेसर वेगळा, मोडेम वेगळा. अशा दोघांत फाइलींची अदलाबदल करायचा विचारही नको. सुदैवानं सॅमसंगचं फ्लॅशिंग टूल असली जोडी बहुधा सुरुवातीलाच नाकारतं. मीडियाटेकची चिप असलेल्या स्वस्तातल्या फोनची गत याहून वाईट. एकाच मॉडेलच्या दोन खेपांमध्ये टच पॅनेल वेगळ्या कंपनीचं निघतं. चुकीची फाइल पडली की फोन सुरू होतो, चित्र दिसतं, पण बोटाला दाद देत नाही.

आयफोनवाल्यांनी इथून पुढे वाचलं नाही तरी चालेल. तिथे एका मॉडेलची फाइल जगभर एकच असते आणि ॲपलची सही असल्याशिवाय ती चढत नाही.

आधी कागदावर चार गोष्टी लिहा

पूर्ण मॉडेल क्रमांक, मूळ प्रदेश, आत्ता पडलेली आवृत्ती आणि बूटलोडर उघडा आहे की बंद. मॉडेल क्रमांक सेटिंगमधून घेऊ नका, खोक्यावरून किंवा फोनच्या पाठीवरून घ्या. फाइल चुकीची पडली असेल तर सेटिंगही चुकीचंच नाव सांगतं, आणि लोक त्याच नावावरून पुढची फाइल शोधतात.

सॅमसंगमध्ये *#१२३४# दाबलं की एपी, सीपी आणि सीएससी अशा ओळी दिसतात. एपी म्हणजे मुख्य सिस्टम, सीपी म्हणजे मोडेम, सीएससी म्हणजे देश आणि मोबाइल कंपनीनुसारच्या सोयी. आवृत्तीच्या लांबलचक नावात शेवटून पाचवं अक्षर शोधा. ती बूटलोडरची पायरी; ती वर चढते, खाली उतरत नाही. समजा नाव 'यू५सीव्हीडीडी' असं संपत असेल, तर पायरी ५. हा एक आकडा लिहून ठेवला नाही म्हणून किती फोन अडकलेत, विचारू नका.

शाओमीमध्ये आवृत्तीच्या शेवटच्या चार अक्षरांपैकी पहिली दोन प्रदेश सांगतात: एमआय म्हणजे जागतिक, आयएन भारत, ईयू युरोप, सीएन चीन, आरयू रशिया, आयडी इंडोनेशिया. पण हा झाला सॉफ्टवेअरचा प्रदेश. फोन कुठल्या बाजारासाठी बनला हे हार्डवेअरमध्ये वेगळं नोंदलेलं असतं, आणि अनेक मॉडेलमध्ये फोन सुरू होताना या दोन्हींचा मेळ तपासला जातो. ते पुढे येतंच.

नेटवर्कच नाही

इथे पहिला प्रश्न: बेसबँड दिसतो का?

बेसबँड 'अज्ञात' असेल तर बहुतेक वेळा मोडेमचं सॉफ्टवेअर सुरूच होत नाहीये. आयएमईआय त्यामुळेच गायब दिसतो, कारण तो क्रमांक सांगणारा मोडेमच गप्प आहे. क्रमांक पुसला गेलेला नसतो. भाच्याच्या फोनचं हेच होतं. त्याच्या मॉडेलचं, त्याच्या मूळ प्रदेशाचं, पायरीनं बरोबरीचं किंवा नवं असं पूर्ण फर्मवेअर कंपनीच्या टूलनं टाकलं. पहिल्यांदा सुरू व्हायला बराच वेळ घेतला, तोवर भाचा खोलीत येरझाऱ्या घालत होता. मग फुली गेली, दांड्या आल्या, आयएमईआय परत. फक्त मोडेमची एकटी फाइल टाकून भागवायचा मोह होतो, तो टाळा. मोडेम एका आवृत्तीचा आणि बाकी सगळं दुसऱ्या, हा खिचडीचा प्रकार आज चालला तरी पुढच्या अपडेटला रुसतो.

बेसबँड नीट दिसतोय पण आयएमईआय शून्य किंवा रिकामा, तर प्रकरण गंभीर. फोनची स्वतःची ओळख आणि कारखान्यात केलेली रेडिओची जुळणी एका वेगळ्या पार्टिशनमध्ये, म्हणजे मेमरीच्या राखीव कप्प्यात, असते. सॅमसंगमध्ये ते ईएफएस, क्वालकॉमची चिप असलेल्या फोनमध्ये मोडेमएसटी१ आणि मोडेमएसटी२, मीडियाटेकमध्ये एनव्हीरॅम आणि एनव्हीडेटा. हे कुठल्याच फर्मवेअरच्या फाइलमध्ये मिळत नाही, कारण प्रत्येक फोनचं निराळं असतं. म्हणजे मूळ फर्मवेअर दहा वेळा टाकलं तरी ते परत येणार नाही. मीडियाटेकवाल्यांनी एसपी फ्लॅश टूलमध्ये 'फॉरमॅट ऑल प्लस डाउनलोड' हा पर्याय निवडला की हेच पार्टिशन साफ होतं. त्या ड्रॉपडाउनमध्ये तीन पर्याय एकाखाली एक असतात, माऊस जरा घसरला की झालं. सहसा 'डाउनलोड ओन्ली' एवढंच हवं असतं.

आधी बॅकअप घेतलेला असेल तर तो परत टाका. मित्राच्या फोनमधून उचललेला बॅकअप टाकू नका. एकतर अनेक फोनमध्ये तो हार्डवेअरशी बांधलेला असल्यामुळे चालत नाही, आणि चाललाच तर दोन फोनचा आयएमईआय एक होतो. आयएमईआय बदलणं भारतासह अनेक देशांत गुन्हा आहे. बॅकअप नसेल तर रस्ता एकच, अधिकृत सर्व्हिस सेंटर.

इंटरनेट धावतंय, कॉल लागत नाही

ही तक्रार फसवी, कारण फोन बिघडलाय असं वाटतच नाही. नेट सुसाट, आणि कॉल लावला की ४जी जाऊन दुसरीच खूण येते, किंवा कॉल लगेच तुटतो.

४जीवरून आवाज जायला व्होल्टी लागतं, आणि व्होल्टीची प्रोफाइल मोबाइल कंपनीगणिक वेगळी असते. क्वालकॉमच्या फोनमध्ये ती एमबीएन नावाच्या छोट्या फाइलींत असते. दुसऱ्या देशाच्या फर्मवेअरमध्ये तुमच्या कंपनीची प्रोफाइल नसेल तर सेटिंगमध्ये व्होल्टीचं बटणच दिसत नाही, आणि फोन कॉलसाठी २जी किंवा ३जी शोधायला जातो. जिथे ती जुनी नेटवर्क बंद झाली आहेत तिथे कॉल लागणारच नाही. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी गुंडाळलं. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑक्टोबरात ते बंद झालं तेव्हा तर ४जीवरून आणीबाणीचा ००० क्रमांक लावू न शकणाऱ्या फोनना सेवा नाकारायची, असा नियमच झाला. म्हणून व्होल्टी नसलेल्या फोनकडे 'चालतंय की' म्हणून दुर्लक्ष करू नका. अपघाताच्या वेळी लागणारा कॉलही याच वाटेनं जातो.

उपाय मूळ प्रदेशाचं फर्मवेअर. सॅमसंगमध्ये मॉडेल तेच असेल आणि नुसता सीएससी वेगळा असेल, तर हे काम तुलनेनं निर्धोक आहे. त्यातही एक खाच: फाइलींच्या गठ्ठ्यात सीएससी आणि होम सीएससी अशा दोन फाइली येतात. होम सीएससीनं तुमचा डेटा राहतो, सीएससीनं फोन कोरा होतो. देश बदलायचा तर बहुधा कोरा करणारीच लागते, म्हणून फोटो आधी उतरवून घ्या आणि गूगल खात्याचा पासवर्ड आठवतोय ना ते बघा. कोरा झालेला फोन अनेकदा पहिलं तेच विचारतो.

आणि एक आशा सोडून द्या. फर्मवेअरनं नवा बँड मिळत नाही. चीनसाठी बनलेल्या बऱ्याच फोनमध्ये युरोपात लागणारा ८०० मेगाहर्ट्झचा बँड २० नसायचा. तिथे फिल्टर आणि ॲन्टेनाच बसवलेला नसतो, युरोपची फाइल टाकून तो उगवणार कुठून?

'ही आवृत्ती या डिव्हाइसवर टाकता येणार नाही'

माझ्या एका मित्राचा फोन इथे गेला. शाओमीचा, चीनमध्ये विकायला काढलेला, बूटलोडर अनलॉक केलेला, त्यावर जागतिक फर्मवेअर. दोन महिने मस्त चालला. मग बँकेचं ॲप कुरकुर करायला लागलं म्हणून त्यानं बूटलोडर परत लॉक केला. फोन उठला तो थेट रिकव्हरीत (फोनच्या दुरुस्तीच्या मेनूत), काळ्या पडद्यावर लाल अक्षरांत हे वाक्य. बंद करा, चालू करा, वाक्य तेच.

बूटलोडर उघडा असतो तेव्हा फोन बरंच काही खपवून घेतो. लॉक केला की सगळी कागदपत्रं तपासतो. अँड्रॉइड ७ पासून ही तपासणी कडक झाली आहे: सही जुळली नाही, किंवा हार्डवेअरचा प्रदेश आणि सॉफ्टवेअरचा प्रदेश जुळला नाही, की फोन पुढे जातच नाही. म्हणून प्रदेश बदललेल्या फोनचा बूटलोडर लॉक करायचा असेल तर आधी मूळ प्रदेशाचं अस्सल फर्मवेअर टाका, ते सुरू होतंय हे डोळ्यांनी बघा, आणि मगच लॉक करा.

हा अपघात नकळतही होतो. शाओमीच्या फ्लॅशिंग टूलमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात तीन पर्याय असतात: सगळं साफ करा, डेटा ठेवा, सगळं साफ करून लॉक करा. टूल उघडलं की आधीच निवडलेला असतो तो शेवटचा! लोक वरचा मोठा 'फ्लॅश' दाबतात, खाली बघतच नाहीत. पडदा कितीही ओळखीचा झाला असला तरी प्रत्येक वेळी तो कोपरा वाचा.

अडकलाच असाल तर: फोन फास्टबूटमध्ये, म्हणजे संगणकाकडून केबलवरून आज्ञा घेणाऱ्या अवस्थेत, जातोय का बघा. तो आधी शाओमीच्या ज्या खात्यानं अनलॉक केला होता त्याच खात्यानं पुन्हा अनलॉक करून पाहा. खातं फोनला जोडलेलं असेल तर अनेकदा जमतं, आणि मग मूळ प्रदेशाचं फर्मवेअर टाकता येतं. खातं कधी जोडलंच नसेल, म्हणजे दुकानदारानं वगैरे अनलॉक करून दिला असेल, तर अडचण आहे. खातं जोडायला फोन सुरू व्हावा लागतो, आणि तोच तर होत नाहीये. शिवाय नव्यानं अनलॉक करायला अनेक मॉडेलना १६८ तास थांबावं लागतं. मित्राचं खातं जोडलेलं नव्हतं. त्याचा फोन सर्व्हिस सेंटरला गेला.

जुनं परत टाकताना

नव्या फर्मवेअरनं बूटलोडरची पायरी वर नेली असेल तर खाली उतरता येत नाही. सॅमसंग निदान सभ्यपणे नकार देतो: डाउनलोड मोडमध्ये (फर्मवेअर टाकायच्या अवस्थेत) बारीक अक्षरांत 'एसडब्ल्यू रेव्ह चेक फेल, डिव्हाइस ५, बायनरी ४' अशी ओळ येते. अर्थ सरळ आहे. फोन पाचव्या पायरीवर, तुम्ही चौथीची फाइल आणलीत. मॉडेल आणि प्रदेश तोच ठेवून पाच किंवा वरच्या पायरीची फाइल शोधा.

सगळेच एवढे सभ्य नाहीत. शाओमीनं २०१८ मध्ये ही उलट वाट बंद केली, तेव्हा रेडमी नोट ५ प्रोवाल्यांनी सवयीनं जुनी आवृत्ती टाकली आणि फोन कायमचे काळे पडले. संगणकाला जोडलं की फोनच्या नावाऐवजी 'क्यूडीलोडर ९००८' दिसायचं. ही क्वालकॉमची आणीबाणीची अवस्था. तिथून बाहेर काढायला कंपनीनं परवानगी दिलेलं खातं लागतं. पिक्सेल ६ मालिकेलाही २०२२ च्या ऑगस्टमध्ये अँड्रॉइड १३ घेतल्यावर १२ वर परतीचा रस्ता राहिला नाही. तेव्हा दुसऱ्या प्रदेशाचं नवं फर्मवेअर टाकताना हा हिशेब आधी करा: त्याची पायरी वरची आहे का, आणि तुमच्या प्रदेशात त्या पायरीची फाइल निघाली आहे का? निघाली नसेल तर ती निघेपर्यंत तुम्ही परक्या फर्मवेअरवर अडकलात.

किरकोळ, पण डोकं खाणाऱ्या

अपडेट येणं बंद झालं किंवा येऊन अर्ध्यावर फसतं: छोटे अपडेट जुन्या फाइली तंतोतंत जुळल्या तरच बसतात. प्रदेश मिसळलेला असेल तर ते फसणारच. पेमेंटची ॲप चालत नाहीत, व्हिडिओ ॲप एचडी दाखवत नाही: बूटलोडर उघडा असल्याची ही खूण. वाइडव्हाइनची, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची, पातळी एल१ वरून एल३ वर घसरली की चित्र भुरकट होतं. सॅमसंगमध्ये कंपनीचं अस्सल फर्मवेअर टाकल्यानं नॉक्सचा (सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा) फ्यूज उडत नाही, पण बाहेरचं काही टाकलं की तो उडतो आणि सिक्युअर फोल्डर कायमचं जातं. मूळ फर्मवेअर टाकूनही तो परत बसत नाही.

घरचं वाय-फाय दिसत नाही पण शेजाऱ्यांचं दिसतं? राउटर २.४ गिगाहर्ट्झच्या १२ किंवा १३ व्या चॅनेलवर असेल. अमेरिकेसाठीच्या उपकरणांत हे दोन चॅनेल सहसा बंद असतात. राउटर १, ६ किंवा ११ वर आणा, फोनला हात लावायची गरज नाही. कॅमेऱ्याच्या खटक्याचा आवाज बंद होत नसेल तर फर्मवेअर बहुधा जपानचं किंवा कोरियाचं आहे.

फोन असाच विकत घेतला असेल, तुम्ही स्वतः काहीच फ्लॅश केलं नसेल, तरी हे सगळं लागू होतं. परदेशातून आणलेल्या फोनवर विक्रेतेच दुसरं फर्मवेअर चढवून देतात. आवृत्तीचा क्रमांक कंपनीनं त्या मॉडेलसाठी कधी काढलेलाच नसेल, किंवा काढून टाकलेली जाहिरातीची ॲप परत परत उगवत असतील, तर शंका घ्या. अशा फोनवर बँकेची ॲप टाकायच्या आधी अस्सल फर्मवेअर टाका. मात्र तोवर बूटलोडर लॉक करू नका.

सर्व्हिस सेंटरला जाताना

बिल आणि खोकं घेऊन जा. खोक्यावर छापलेला आयएमईआय तुमच्या बाजूचा मोठा पुरावा आहे. पडद्यावर जे शब्द आले त्यांचा फोटो काढून ठेवा. 'एरर आला' यापेक्षा तो फोटो तंत्रज्ञाला शंभरपट उपयोगी. आणि काय टाकलं, कोणत्या क्रमानं टाकलं ते खरं सांगा. 'आपोआप झालं' म्हणून फार काही साधत नाही. डाउनलोड मोड उघडला की पहिल्याच पडद्यावर लॉकची स्थिती आणि फ्यूज उडाला की नाही, दोन्ही लिहिलेलं असतं. दुसऱ्या देशात घेतलेला फोन असेल तर त्या मॉडेलची दुरुस्ती इथे होते का हे आधी फोन करून विचारा, नाहीतर खेप फुकट.